नव्या डिस्कवर विंडोज टाकताना सी, डी, ई ही अक्षरं कशी ठरवायची

ड्राइव्हचं अक्षर डिस्कवर कुठेही लिहिलेलं नसतं. नव्या डिस्कवर विंडोज टाकताना अक्षरांचा जो घोळ होतो, तो बहुतेक वेळा एवढी एक गोष्ट माहीत नसल्यामुळे होतो. फोटो असलेला डी ड्राइव्ह अचानक ई होतो. जुनी विंडोज डी म्हणून समोर येते. कधी नवी विंडोजच भलत्या अक्षरावर जाऊन बसते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सेटअपमध्ये दिसणाऱ्या अक्षरावर विसंबून कुणीतरी हवं असलेलंच पार्टिशन, म्हणजे डिस्कचा तो स्वतंत्र भाग, पुसून टाकतं. हे सगळं टाळता येतं, आणि त्यासाठी फार खटपटही लागत नाही. कोणतं काम कशाच्या आधी करायचं, हे मात्र कटाक्षाने पाळावं लागतं.

खालची पद्धत विंडोज १० आणि ११ साठी आहे. जुन्या आवृत्त्यांचा उल्लेख गरजेपुरताच येईल. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच त्या इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.

अक्षर राहतं कुठे

डिस्कला अक्षर देण्याची पद्धत विंडोजच्या आधीच्या डॉसने सीपी/एम या त्याआधीच्या प्रणालीकडून उचलली. १९८१च्या आयबीएम पीसीत ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी होती. १९८३च्या पीसी एक्सटीत हार्ड डिस्क आली आणि तिला सी मिळालं. फ्लॉपी गेली, तरी सीपासून सुरुवात करायची सवय टिकली.

विंडोज २०००पासून अक्षरांचा कारभार माउंट मॅनेजर नावाचा भाग पाहतो. त्याची नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, एचकेईवाय लोकल मशीन, मग सिस्टिम, मग माउंटेडडिव्हायसेस या ठिकाणी असते. तिथे प्रत्येक अक्षरासमोर पार्टिशनची ओळख लिहिलेली असते. डिस्कवरच्या पार्टिशनांची यादी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर ही ओळख १२ बाइटची असते: ४ बाइट डिस्कची सही आणि ८ बाइट पार्टिशन डिस्कवर कुठून सुरू होतं तो आकडा. ती नव्या जीपीटी पद्धतीची असेल तर तिथे त्या पार्टिशनचा १६ बाइटचा स्वतंत्र ओळखक्रमांक असतो.

शाळेच्या हजेरीपटावर मुलाला जो क्रमांक असतो, तो त्या वर्गाचा असतो, मुलाचा नसतो. वर्ग बदलला की क्रमांकही बदलतो. ड्राइव्हच्या अक्षराचं तसंच आहे. एकाच संगणकावर दोन विंडोज असतील तर दोघींच्या नोंदवह्या वेगळ्या असतात. एकीला जे पार्टिशन सी दिसतं, ते दुसरीला डी दिसू शकतं, आणि दोघीही आपापल्या जागी बरोबर असतात.

यातून कामाच्या काही गोष्टी निघतात. पार्टिशन नुसतं फॉरमॅट केलं तर त्याची ओळख तीच राहते, म्हणून अक्षरही टिकतं. पण पार्टिशन काढून टाकून त्याच जागी नवं केलं, तर जीपीटी डिस्कवर त्याला नवी ओळख मिळते आणि विंडोजच्या दृष्टीने ते अनोळखी होतं. आणि नव्याने टाकलेल्या विंडोजची नोंदवही कोरी असते. जुन्या विंडोजमध्ये वर्षानुवर्षं डी असलेला ड्राइव्ह तिला डी म्हणून माहीत असण्याचं काही कारणच नाही.

सेटअप स्वतःचं अक्षर कसं ठरवतो

पेनड्राइव्हवरून सेटअप सुरू केला की आधी मेमरीत एक छोटी विंडोज चालू होते. ती स्वतःला एक्स हे अक्षर घेते. बाकीच्या पार्टिशनना ती जसजशी सापडतील तशी सी, डी, ई अशी अक्षरं वाटत जाते. ही वाटणी तात्पुरती असते आणि तुमच्या नेहमीच्या अक्षरांशी तिचा संबंध नसतो. जुनी विंडोज इथे डी दिसेल, एखादं छोटं राखीव पार्टिशन सी दिसेल. बिघाड दुरुस्त करण्यासाठी उघडणाऱ्या रिकव्हरीच्या काळ्या पडद्यावरही हेच होतं. म्हणून या टप्प्यावर अक्षर बघून कुठलाही निर्णय घेऊ नका. डिस्कचा आकार आणि पार्टिशनचं नाव, या दोनच गोष्टींवर भरवसा ठेवा.

पेनड्राइव्हवरून बूट करून, म्हणजे संगणकच त्याच्यावरून सुरू करून, टाकलेली विंडोज स्वतःच्या पार्टिशनला सी म्हणते, मग सेटअपच्या वेळी ते कुठल्याही अक्षरावर दिसत असो. व्हिस्टा या जुन्या आवृत्तीपासून हे असंच चालत आलं आहे. त्याआधीच्या एक्सपीच्या काळात तसं नव्हतं. तेव्हा सेटअपच अक्षर ठरवून टाकत असे, आणि संगणकाला कार्ड रीडर किंवा दुसरी डिस्क जोडलेली असली की ती आधीची अक्षरं घेऊन बसायची आणि विंडोज एफ किंवा जीवर जायची. व्हिस्टा आणि ७ मध्ये अजून एक अडचण होती. जुनी विंडोज चालू असतानाच तिच्यातून सेटअप चालवून दुसऱ्या पार्टिशनवर नवी विंडोज टाकली, तर जुनीला ते पार्टिशन ज्या अक्षराने दिसत होतं तेच नवीला कायमचं चिकटायचं.

तेव्हा पहिला नियम: नव्या डिस्कवर विंडोज टाकायची तर सेटअप पेनड्राइव्हवरून बूट करूनच चालवा, चालू विंडोजमधून नाही.

आधी काय लिहून ठेवायचं

जुनी विंडोज अजून चालू होत असेल तर ती बंद करण्याआधी अर्धा तास या कामाला द्या. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि समोर दिसतं ते कागदावर उतरवा: डिस्क क्रमांक, तिचा आकार, तिच्यावरची पार्टिशनं, त्यांची नावं आणि अक्षरं. मोबाइलवर फोटो काढलात तरी चालेल, फक्त तो याच संगणकात ठेवू नका.

मग प्रत्येक पार्टिशनला नीट नाव द्या. "न्यू व्हॉल्यूम" किंवा "लोकल डिस्क" या नावांनी काहीच कळत नाही. "जुनी विंडोज", "फोटो", "कामाच्या फाइली" अशी नावं द्या. अक्षर नोंदवहीत राहतं, पण हे नाव पार्टिशनवरच लिहिलं जातं. त्यामुळे डिस्क कुठल्याही संगणकाला जोडली तरी ते सोबत जातं. एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या फाइल-पद्धतीच्या पार्टिशनला ३२ अक्षरांपर्यंत नाव देता येतं. सेटअपच्या पडद्यावर एकाच आकाराच्या दोन डिस्क समोर आल्या की ही नावंच वाचवतात. सेटअपमध्ये नाव लगेच ओळखू यावं म्हणून ती इंग्रजी लिपीत ठेवलेली बरी.

ज्या प्रोग्रॅमना अक्षराशी कर्तव्य आहे त्यांचीही यादी करा. क्लाउडशी जुळवलेला फोल्डर, फोटोंची सूची ठेवणारे प्रोग्रॅम, गेमची लायब्ररी, बॅकअपची ठरवलेली कामं, एकमेकींना जोडलेल्या स्प्रेडशीट: या सगळ्यांनी आपापल्या जागी "डी:\" ने सुरू होणारे पत्ते लिहून ठेवलेले असतात. नव्या विंडोजमध्ये त्या पार्टिशनला जुनंच अक्षर दिलं तर यातलं बरंचसं काम वाचतं. प्रोग्रॅम मात्र जुन्या डीवर पडलेले असले तरी नव्या विंडोजमध्ये पुन्हा टाकावे लागतात, कारण त्यांच्या नोंदी जुन्या रजिस्ट्रीत राहिल्या.

बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे का, हे पाहायला विसरू नका. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कचं एन्क्रिप्शन आपण काही न करताही चालू असतं. ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी नसेल तर जुनी डिस्क नव्या विंडोजला जोडल्यावर तिचं कुलूप उघडणार नाही. ही की आधी शोधा, कागदावर लिहा, आणि मगच पुढे जा.

शेवटी फास्ट स्टार्टअप. हा पर्याय चालू असला की शट डाउन केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही. अर्धी झोपलेली असते आणि तिची पार्टिशनं "वापरात" म्हणून राहतात. अशी डिस्क दुसऱ्या प्रणालीने उघडून तिच्यावर लिहिलं तर फाइलींचं नुकसान होऊ शकतं. शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन केलं की त्या वेळेपुरती विंडोज पूर्ण बंद होते. कायमचं बंद करायचं तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये "पॉवरसीएफजी /एच ऑफ" ही आज्ञा द्या. दोन विंडोज शेजारी शेजारी ठेवणार असाल तर दोन्हींमध्ये हे कराच.

बॅकअप घ्या हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो: ज्या डिस्कवर काम चालू आहे तिच्याच दुसऱ्या पार्टिशनवर ठेवलेली प्रत म्हणजे बॅकअप नव्हे.

बाकीच्या डिस्क काढून ठेवा

या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका. सेटअप चालू असताना संगणकाला फक्त नवी डिस्क आणि सेटअपचा पेनड्राइव्ह जोडलेला असावा. जुनी डिस्क, बाहेरची हार्ड डिस्क, कार्ड रीडरमधलं कार्ड, सगळं बाहेर.

याचं एक कारण उघड आहे: जी डिस्क जोडलेलीच नाही ती चुकून पुसली जात नाही. दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. विंडोज बूट होण्यासाठी लागणाऱ्या फाइली विंडोजच्या पार्टिशनवर नसतात. त्या ईएफआय सिस्टिम पार्टिशन नावाच्या एका छोट्या, अक्षर नसलेल्या पार्टिशनवर असतात. जुन्या डिस्कवर असं पार्टिशन आधीच असेल आणि ती डिस्क जोडलेली असेल, तर सेटअप नव्या डिस्कवर दुसरं न करता तेच वापरून मोकळा होऊ शकतो. सगळं छान चालतं. मग काही महिन्यांनी तुम्ही जुनी डिस्क काढता किंवा पुसता, आणि नवी विंडोज सुरूच होत नाही. दोष नव्या डिस्कचा नसतो. तिची किल्ली जुन्या डिस्कवर राहिलेली असते.

डेस्कटॉपमध्ये हे सोपं आहे. संगणक बंद करा, भिंतीतला प्लग काढा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवा आणि जुन्या डिस्कची डेटा केबल सोडवा. एम.२ प्रकारची डिस्क असेल तर तिचा बारीक स्क्रू काढून ती सॉकेटमधून सोडवावी लागते. लॅपटॉपमध्ये उघडाउघड नको असेल तर यूईएफआयच्या, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या संगणकाच्या मूळ सॉफ्टवेअरच्या, सेटिंगमध्ये तो पोर्ट किंवा स्लॉट बंद करायची सोय आहे का पाहा. तीही नसेल तर जुनी डिस्क तशीच ठेवून पुढे जा, पण सेटअपमध्ये दुप्पट सावध राहा आणि नंतर ईएफआय पार्टिशन कुठे गेलं ते तपासा. ते चुकीच्या जागी गेलं असेल तर काय करायचं, हे शेवटी दिलं आहे.

सेटअपमध्ये

मायक्रोसॉफ्टच्या साधनाने किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करा. संगणक सुरू करताना बूट मेन्यू उघडा. तिथे एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसत असेल तर ज्या ओळीत यूईएफआय लिहिलं आहे ती निवडा. तसं केलं की नवी डिस्क जीपीटी पद्धतीने तयार होते. एमबीआरच्या दोन मर्यादा, २ टीबीपर्यंतचा आकार आणि चारच मुख्य पार्टिशनं, मग आड येत नाहीत.

विंडोज कुठे टाकायची हे विचारणाऱ्या पडद्यावर आता एकच डिस्क दिसायला हवी, "अनअ‍लोकेटेड स्पेस" म्हणून. डिस्क दिसतच नसेल तर घाबरू नका. डिस्क हाताळणारं इंटेलचं व्हीएमडी किंवा आरएसटी चालू असलेल्या काही संगणकांत सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. संगणकाच्या उत्पादकाकडून तो ड्रायव्हर घेऊन, उलगडून पेनड्राइव्हवर ठेवा आणि "लोड ड्रायव्हर" वापरा.

डिस्क कोरी असेल तर स्वतः पार्टिशनं पाडत बसू नका. मोकळी जागा निवडा आणि पुढे जा. सेटअप आपणहून ईएफआय पार्टिशन, एमएसआर नावाचं १६ एमबीचं राखीव पार्टिशन, विंडोजचं मुख्य पार्टिशन आणि रिकव्हरी पार्टिशन तयार करतो. यातल्या फक्त मुख्य पार्टिशनला अक्षर मिळतं. बाकीच्यांना नसतं, आणि नसायलाच हवं.

सी लहान आणि डी वेगळा हवा असेल तर इथे मुख्य पार्टिशनचा आकार ठरवता येतो. उरलेल्या जागेचं पार्टिशन नंतर डिस्क मॅनेजमेंटमधून करा. एकाच डिस्कवर सी आणि डी अशी फाळणी करण्याचा मी आग्रह धरणार नाही. डिस्क बिघडली की दोन्ही जातात, आणि सी भरत आला की डीमधली रिकामी जागा उपयोगाची नसते. विंडोज पुन्हा टाकायची वेळ आली तर डीमधल्या फाइली हलवाव्या लागत नाहीत, एवढा फायदा खरा आहे. तो हवा असेल तर सीला भरपूर जागा ठेवा. विंडोज ११ ची किमान अट ६४ जीबी असली तरी तेवढ्यात रोजचं काम निभत नाही.

नव्या म्हणून घेतलेल्या डिस्कवर जुनी पार्टिशनं दिसत असतील तर शिफ्ट आणि एफ१० दाबा, काही लॅपटॉपवर एफएन कळही सोबत दाबावी लागते. काळा पडदा उघडला की "डिस्कपार्ट", मग "लिस्ट डिस्क". आकार पाहून डिस्क ओळखा. "सिलेक्ट डिस्क ०" अशी ती निवडा आणि पुन्हा एकदा "लिस्ट डिस्क" देऊन तारांकित ओळ तीच आहे का पाहा. मगच "क्लीन" आणि त्यानंतर "कन्व्हर्ट जीपीटी". क्लीन ही आज्ञा खात्री करण्यासाठी काहीही विचारत नाही, एंटर दाबताच डिस्कची सगळी पार्टिशनं जातात. जुनी डिस्क काढता आली नसेल तर ही आज्ञा देण्याआधी कागदावरचा आकार पुन्हा वाचा. डिस्कचे क्रमांकही कायम राहतील असं नसतं, काल ० असलेली आज १ असू शकते.

एकाच पद्धतीने अनेक संगणक तयार करायचे असतील तर उत्तरफाइलमध्ये, म्हणजे अनअटेंड एक्सएमएलमध्ये, डिस्ककॉन्फिगरेशन विभागात प्रत्येक पार्टिशनचं अक्षर आधीच लिहिता येतं. एकदोन संगणकांसाठी तो खटाटोप नको.

विंडोज सुरू झाल्यावर, एकेक डिस्क

नवी विंडोज डेस्कटॉपवर आली की आधी डिस्क मॅनेजमेंट उघडून सी बरोबर जागी आहे याची खात्री करा. सी नसेल, दुसरंच अक्षर असेल, तर आत्ताच थांबा. आत काहीच नाही तोवर पेनड्राइव्हवरून बूट करून पुन्हा टाकणं हाच शहाणपणाचा उपाय आहे. चालू विंडोजचं स्वतःचं अक्षर डिस्क मॅनेजमेंट बदलू देत नाही, आणि रजिस्ट्रीतून जबरदस्तीने बदललं तर आतले असंख्य पत्ते जुन्याच अक्षराकडे बोट दाखवत राहतात.

सी ठीक असेल तर पुढची जी अक्षरं लागणार आहेत ती मोकळी करा. डीव्हीडी ड्राइव्हने डी अडवलेलं असणं ही नेहमीची गोष्ट आहे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्याच्यावर उजवी क्लिक, "चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स", मग "चेंज", आणि त्याला मागच्या रांगेतलं एखादं अक्षर द्या. सेटअपचा पेनड्राइव्हही आता काढून टाका.

मग संगणक बंद करून जुन्या डिस्क एकेक करून जोडा. सगळ्या एकदम नकोत. विंडोज प्रत्येक अनोळखी पार्टिशनला समोर येईल ते पहिलं मोकळं अक्षर देते, त्यामुळे एका वेळी एक डिस्क जोडली की कुणाला काय मिळालं ते लगेच कळतं. आधी फाइलींची डिस्क जोडा, तिला तिचं जुनं अक्षर द्या. त्यानंतर जुन्या विंडोजची डिस्क. जुनी डिस्क जोडल्यावर संगणक जुन्याच विंडोजमध्ये गेला तर यूईएफआयमध्ये बूटचा क्रम बदलून नवी डिस्क वर आणा.

दोन अक्षरांची अदलाबदल करायची असेल तर तिसरं अक्षर मध्ये घ्यावं लागतं: ई ला आधी टी करा, मग डी ला ई, मग टी ला डी. पॉवरशेल वापरणाऱ्यांना हेच "सेट-पार्टिशन" या आज्ञेने करता येतं, तिला जुनं अक्षर आणि नवं अक्षर द्यायचं. पार्टिशनवरची एखादी फाइल उघडी असेल तर विंडोज सांगते की ते वापरात आहे. तेव्हा संगणक पुन्हा सुरू करेपर्यंत जुनं अक्षरही चालत राहतं, म्हणून अदलाबदलीच्या मध्ये रीस्टार्ट करून घ्या. पेज फाइल, म्हणजे मेमरी अपुरी पडली की विंडोज डिस्कवर वापरते ती फाइल, ज्या पार्टिशनवर आहे त्याचं अक्षरही बदलू दिलं जात नाही. ती आधी दुसरीकडे हलवावी लागते.

जुन्या डिस्कवरचं एखादं पार्टिशन उघडताना "डिस्क फॉरमॅट करायची का" असं विंडोज विचारेल. नाही म्हणा. ते लिनक्सचं पार्टिशन असू शकतं किंवा विंडोजला न वाचता येणारं दुसरं काही. जुन्या वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये शिरताना परवानगी नाही असा संदेश आला तर "कंटिन्यू" दाबल्यावर सहसा काम होतं. डिस्कच "ऑफलाइन" दिसत असेल तर आधी क्लोनबद्दलचा भाग वाचा, घाईने ऑनलाइन करू नका.

कुठलं अक्षर कुणाला

सी विंडोजला. डी आणि त्यापुढची दोनतीन अक्षरं आत कायम बसवलेल्या डिस्कना. नेहमी लागणाऱ्या बाहेरच्या डिस्कना मधली, एम किंवा पीसारखी. नेटवर्कवरच्या ड्राइव्हना झेडपासून उलटं, विंडोजही तिथूनच सुचवते. ए आणि बी मोकळी सोडा.

बाहेरच्या डिस्कला मधलं अक्षर देण्यामागे कारण आहे. ती काढलेली असताना ई किंवा एफसारखं पुढचं अक्षर दुसरा कुठलाही पेनड्राइव्ह येऊन घेतो, आणि मग तुमचा ठरलेला बॅकअप भलत्याच जागी जाऊ पाहतो. पीपर्यंत सहसा कुणी पोचत नाही.

डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांसारखे फोल्डर डीवर हलवायला हरकत नाही, पण डी आतली डिस्क असेल तरच. काढता येणाऱ्या डिस्कवर ते ठेवले आणि लॉगिनच्या वेळी ती जोडलेली नसली की जागा सापडत नाही अशा तक्रारी सुरू होतात.

प्रत्येक पार्टिशनला अक्षर हवंच असंही नाही. शेजारी ठेवलेल्या जुन्या विंडोजच्या पार्टिशनचं अक्षर मी नेहमी काढून टाकतो. "रिमूव्ह" दाबल्याने फक्त अक्षर जातं, आतली एकही फाइल हलत नाही. चुकून तिथे काही साठवलं जाण्याची भीती मात्र संपते. एखादं पार्टिशन सीवरच्या रिकाम्या फोल्डरमध्येही जोडता येतं, त्याच "चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स" खिडकीतून. तो सी मात्र एनटीएफएस असायला हवा, आणि विंडोजचा तो असतोच.

रिकव्हरी पार्टिशनला कधीकधी अक्षर चिकटतं आणि जागा संपल्याचे इशारे येऊ लागतात. डिस्कपार्टमध्ये "लिस्ट व्हॉल्यूम", मग "सिलेक्ट व्हॉल्यूम" आणि त्याचा क्रमांक, मग "रिमूव्ह लेटर=ई" असं दिलं की ते जातं.

क्लोन केलेली डिस्क

विंडोज नव्याने न टाकता जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर काढणारे बरेच आहेत. इथे अक्षरांचा धोका जास्त आहे, कारण प्रतीबरोबर जुनी नोंदवहीही आली. त्या नोंदवहीत सीसमोर जुन्या डिस्कच्या पार्टिशनची ओळख आहे. क्लोन करणाऱ्या प्रोग्रॅमने नव्या पार्टिशनला वेगळी ओळख दिली आणि पहिल्या बूटला दोन्ही डिस्क जोडलेल्या राहिल्या, तर नवी विंडोज सी म्हणून जुन्याच डिस्ककडे जाते. विंडोज नव्या डिस्कवरून सुरू होते आणि पुढचं काम जुनीवर चालतं, किंवा लॉगिननंतर नुसता रिकामा पडदा दिसतो.

उलट ओळख जशीच्या तशी आली तर दोन डिस्कची सही एकच होते. विंडोज मग दुसरीला ऑफलाइन ठेवते आणि सहीचा संघर्ष आहे असं सांगते. ती डिस्क ऑनलाइन केलीत तर विंडोज तिची सही बदलते, आणि त्यावरची विंडोज बूट होण्यासाठी ज्या सहीवर अवलंबून होती ती उरत नाही. जुनी डिस्क सुटका म्हणून राखून ठेवली असेल तर ती सुटका गेली.

दोन्हींवर उपाय एकच. प्रत तयार झाली की संगणक बंद करा, जुनी डिस्क काढा आणि पहिलं बूट फक्त नव्या डिस्कवर होऊ द्या. नवी विंडोज एक दिवस नीट चालली, फाइली जागच्या जागी आहेत हे पाहिलं, की मग जुनी जोडा.

घोळ होऊन बसला असेल तर

नवी विंडोज सुरू होते पण ईएफआय पार्टिशन जुन्या डिस्कवर आहे, असं डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसलं, तर नव्या डिस्कवर ते तयार करता येतं. नवी डिस्क जीपीटी असायला हवी. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि डिस्कपार्टमध्ये क्रमाने द्या: "सिलेक्ट व्हॉल्यूम सी", "श्रिंक डिझायर्ड=३००", "सिलेक्ट डिस्क" आणि नव्या डिस्कचा क्रमांक, "क्रिएट पार्टिशन ईएफआय", "फॉरमॅट क्विक एफएस=फॅट३२", "असाइन लेटर=एस", "एक्झिट". मग "बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय". बूट फाइली तयार झाल्याचा संदेश आला की संगणक बंद करा, जुनी डिस्क काढा आणि नवी एकटी सुरू होते का पाहा. सुरू झाली की एस हे अक्षर काढून टाका.

संगणक सुरूच होत नसेल तर हेच काम सेटअपच्या पेनड्राइव्हवरून, शिफ्ट आणि एफ१० दाबून करा. फक्त तिथे विंडोज सीवरच असेल असं धरून चालू नका. "लिस्ट व्हॉल्यूम" मधल्या आकारावरून आणि नावावरून ती कुठल्या अक्षरावर दिसते ते शोधा, "डीआयआर" देऊन तिथे विंडोज फोल्डर आहे याची खात्री करा, आणि तेच अक्षर दोन्ही आज्ञांमध्ये वापरा.

बऱ्याच डिस्क जोडल्या आणि काढल्या असतील तर नोंदवहीत मृत नोंदी साठतात. सध्या लागणाऱ्या सगळ्या डिस्क जोडलेल्या ठेवून "माउंटव्हॉल /आर" ही आज्ञा दिली की आता संगणकाला नसलेल्या पार्टिशनांच्या नोंदी साफ होतात. अधूनमधून जोडायची एखादी डिस्क त्या वेळी बाहेर राहिली असेल तर तिचं ठरवून दिलेलं अक्षरही जाईल, म्हणून तीही आधी जोडा.

क्लोन केलेली विंडोज आधीच चुकीच्या अक्षरावर अडकली असेल तर जुनी डिस्क काढून पेनड्राइव्हवरून बूट करा. काळ्या पडद्यावर रजिस्ट्री बदलणारं "रेजएडिट" उघडा, एचकेईवाय लोकल मशीन निवडून "लोड हाइव्ह" मधून नव्या डिस्कवरच्या विंडोज, सिस्टिम३२, कॉन्फिग या फोल्डरमधली सिस्टिम नावाची फाइल उघडा. तिच्या माउंटेडडिव्हायसेसची आधी "एक्सपोर्ट" करून प्रत ठेवा, मग तिथल्या डॉसडिव्हायसेसने सुरू होणाऱ्या अक्षरांच्या नोंदी काढा, हाइव्ह "अनलोड" करा आणि नव्या डिस्कवरून बूट करा. दुसरी डिस्क समोर नसल्यामुळे विंडोज आता स्वतःच्या पार्टिशनला पुन्हा सी म्हणून लिहून घेते. जुनी डिस्क त्यानंतर जोडा, आणि तिला मधलं एखादं अक्षर हाताने द्या.